नकुशा : नावातील नकार आणि सातारा जिल्ह्यातील नामांतर – एक सामाजिक व ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मनुष्याला जन्मानंतर समाजाकडून मिळणारी पहिली वस्तू म्हणजे त्याचे नाव होय. हे नाव तो स्वतः निवडत नाही, परंतु आयुष्यभर वागवतो मात्र तोच. म्हणून एखाद्या समाजात मुलांना कोणती नावे दिली जातात, कोणती टाळली जातात आणि वेगळे नाव ऐकल्यावर इतरांची प्रतिक्रिया काय होते, यावरून त्या समाजाच्या मनोभूमिकेचा बराच अंदाज बांधता येतो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नामकरणाचा विचार बहुधा धर्मविधी किंवा भाषाशास्त्र यांच्या अंगाने होत आला आहे. नाव धारण करणाऱ्या व्यक्तीच्या अंगाने त्याचा विचार तुलनेने कमी झाला.

दि. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. या मुलींची मूळ नावे नकुशा, नकोशी, नकुसा अशी होती आणि या सर्व रूपांचा अर्थ एकच, म्हणजे ‘नको असलेली’. या घटनेची दखल देशातील व परदेशातील वृत्तपत्रांनी घेतली. तथापि ती बहुतांशी एका दिवसाची बातमी म्हणून घेतली गेली. प्रस्तुत शोधनिबंधात या घटनेचा विचार पश्चिम महाराष्ट्रातील नामकरणाची परंपरा, लोकसंख्येचे वास्तव आणि कायदा यांच्या संदर्भात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

सदर अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मराठी समाजातील ‘ओंगळ’ नावांच्या परंपरेत ‘नकुशा’ या नावाचे स्थान निश्चित करणे. (२) या नावाचा सातारा व सांगली जिल्ह्यांतील बाल लिंग गुणोत्तराशी असलेला संबंध तपासणे. (३) असे नाव धारण करणाऱ्या मुलीकडे पाहण्याचा इतरांचा दृष्टिकोन स्पष्ट करणे. (४) २०११ च्या नामांतराचे महत्त्व व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

हा अभ्यास जनगणनेचे आकडे, संबंधित अधिनियम, प्रसिद्ध वृत्ते आणि मराठी लोकव्यवहारातील रूढ प्रथा या साधनांवर आधारलेला असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ज्या मुलींची नावे बदलण्यात आली त्यांपैकी कोणाचाही वैयक्तिक उल्लेख येथे हेतुतः केलेला नाही.

नामकरणाची परंपरा आणि मुलीचे नाव

हिंदू परंपरेतील सोळा संस्कारांमध्ये नामकरणाचा समावेश होतो. महाराष्ट्रात सामान्यतः बाराव्या दिवशी बारसे होते. बाळाला पाळण्यात घालून आत्या त्याच्या कानात नाव सांगते, जमलेल्या बायका पाळणा म्हणतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. पत्रिकेवरून काढलेले नावरस नाव, पाळण्यातले नाव, घरात हाक मारण्याचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अशी एकाच व्यक्तीची दोन-तीन नावे असणे ही अगदी सर्वसामान्य गोष्ट होती. नावाच्या अर्थापेक्षा कुळातील वडीलधाऱ्यांची आठवण, ग्रामदैवत, जन्माचा वार किंवा महिना यांना अधिक महत्त्व दिले जाई.

मुलीच्या नावाबाबत शास्त्रग्रंथांची अपेक्षा स्पष्ट आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सुलभ, अर्थाने स्पष्ट, मनोहर, मंगल व आशीर्वादसूचक असावे असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी शूद्राचे नाव मात्र तिरस्कारदर्शक असावे असेही म्हटले आहे. म्हणजे नावाच्या द्वारे माणसाची पायरी दाखवून देण्याची कल्पना या परंपरेत प्राचीन काळापासून होती. पुढे महाराष्ट्रात जी सामाजिक स्थित्यंतरे झाली, त्यांचे प्रतिबिंब नावांत पडले ते याच कारणाने. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर असंख्य घरांतून सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा अशी नावे ऐकू येऊ लागली. जुन्या नावांचा त्याग हा तेथे आत्मसन्मानाचा भाग होता.

मुलीच्या नावाचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. विवाहप्रसंगी वराने तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा अनेक मराठी समाजांत रूढ होती आणि काही प्रमाणात ती आजही आहे. वडिलांचे नाव व आडनाव यांबरोबर स्वतःचे नावही सासरी बदलत असल्याने मुलीचे माहेरचे नाव हे जणू मुदतीचे नाव मानले गेले. जे नाव पुढे पुसलेच जाणार आहे ते कसेही असले तरी चालेल, अशी बेफिकिरी या प्रथेमुळे वाढीस लागली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

ओंगळ नावे : संरक्षक नाव आणि नकारार्थी नाव

मराठीत दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा, भिकू अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नव्या मुलाला मुद्दाम हलके नाव दिले जाई. मूल दगडासारखे टिकावे, सटवाईची किंवा वाईट दृष्टी त्याच्यावर पडू नये, ‘हे तर उकिरड्यावर टाकलेले मूल आहे’ असे वाटून मृत्यूने त्याच्याकडे पाठ फिरवावी, ही त्यामागील श्रद्धा होती. (धोंडू या नावाचा संबंध काही वेळा अधिक मासाशी, म्हणजे धोंड्याच्या महिन्याशीही असतो.) ही प्रथा केवळ महाराष्ट्रापुरती मर्यादित नव्हती. सर रिचर्ड टेंपल यांनी १८८३ मध्ये पंजाबी विशेषनामांवर लिहिलेल्या प्रबंधात अशा हीनार्थी नावांची चर्चा केलेली आहे. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या काळात या नावांमागे माता-पित्यांची भीती आणि माया दोन्ही होत्या.

अशा नावांकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही सहिष्णू होती. दगडू म्हटल्यावर गावात कोणास हसू येत नसे, कारण ऐकणाऱ्याला त्या घरचा इतिहास कळत असे. धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा अर्थ त्यांच्या लौकिकाच्या आड आला नाही. १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना करणाऱ्या या पुरुषास १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले तेही याच नावाने. पुढे नागर वस्तीत ही नावे जुनाट व गावंढळ वाटू लागली, परंतु ती अपमानास्पद मात्र ठरली नाहीत.

‘नकुशा’ हे नाव वरवर पाहता याच यादीत बसते. बोलीत ‘नको’ या शब्दापासून नकोसा, नकोशी, नकुसा, नकुशी अशी रूपे होतात, जशी ‘हवे’पासून हवासा, हवीशी होतात. काही घरांतून हे नावही दृष्ट लागू नये म्हणून ठेवले गेले असणे शक्य आहे. परंतु सामान्यतः ते लागोपाठ मुली झालेल्या घरात तिसऱ्या, चौथ्या किंवा त्यापुढच्या मुलीला दिले जाई. हिचे नाव नकुशा ठेवल्यास देवाला कळेल की आता मुली पुरे झाल्या आणि पुढच्या खेपेस मुलगा होईल, अशी समजूत होती.

येथे दोन्ही प्रकारांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. दगडू हे नाव त्या मुलाच्या रक्षणासाठी आहे. ते मूल हवे आहे, म्हणूनच त्याला नको असल्याचे सोंग केले जाते. नकुशा या नावात सोंग नाही. ते नाव ज्या मुलीला दिले जाते तिच्याविषयी ते नसून अद्याप न जन्मलेल्या मुलाविषयी आहे. पहिल्या प्रकारात नाव बाळाच्या बाजूने दैवाशी बोलते. दुसऱ्या प्रकारात ते बाळाला बाजूस सारून दैवाकडे दुसऱ्याची मागणी करते. म्हणूनच बालमृत्यू घटल्यावर दगडू-कचरू ही नावे हळूहळू मागे पडली, तर नकुशा हे नाव एकविसाव्या शतकातही शाळेच्या हजेरीपटावर आढळत राहिले. पहिल्याचे कारण नाहीसे झाले होते. दुसऱ्याचे कारण, म्हणजे पुत्राची ओढ, तसेच कायम होते.

ही मानसिकता एका जिल्ह्याची किंवा एका भाषेची नाही. बंगालीत ‘आर ना, काली’ म्हणजे ‘काली माते, आता पुरे’ या विनवणीतून आन्नाकाली हे मुलीचे नाव रूढ झाले. तमिळनाडूत वेंडाम (नको) आणि पोदुम्पोण्णु (पुरे झाल्या मुली) अशी नावे मुलींना दिली गेली. हरियाणात भरपाई हे नाव आढळते. चीनमध्ये ‘धाकट्या भावाला घेऊन ये’ अशा अर्थाचे चाओदी हे नाव मुलींना दिले जात असे. भाषा व धर्म भिन्न असले तरी या नावांचा आशय एकच आहे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

कृष्णाकाठचे लोकसंख्यात्मक वास्तव

सातारा हा मागासलेला किंवा शिक्षणापासून वंचित राहिलेला जिल्हा नव्हे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म दि. ३ जानेवारी १८३१ रोजी याच जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये याच जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. शेजारचा सांगली जिल्हा प्रतिसरकारच्या लढ्याचा, सहकारी साखर कारखानदारीचा आणि शिक्षणसंस्थांचा जिल्हा आहे. सांगलीचे विश्रामबाग हे उपनगर विलिंग्डन व वालचंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे ओळखले जाते. असे असूनही मुलींच्या जन्माबाबत या पट्ट्याचे चित्र समाधानकारक नव्हते.

२००१ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात ९१३ होते. सातारा जिल्ह्यात ते ८७८, सांगली जिल्ह्यात ८५१ आणि कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ इतके होते. १९९१ मध्ये राज्याचे प्रमाण ९४६ होते, हे लक्षात घेतले तर एका दशकातील घसरण ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांनुसार सातारा जिल्ह्यातील प्रमाण ८८१ होते.

या आकड्यांत एक विसंगती दिसते. सातारा जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येत २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९९५ स्त्रिया होत्या, म्हणजे स्त्री-पुरुष प्रमाण जवळजवळ समान होते. परंतु यावरून तेथे स्त्रियांची स्थिती चांगली होती असा निष्कर्ष काढता येत नाही. या जिल्ह्यातील पुरुष कित्येक पिढ्या मुंबईतील गिरण्या, माथाडी कामे व सैन्य यांकडे जात राहिले आणि घर व शेत स्त्रियांच्या अंगावर पडले. जाणाऱ्या पुरुषांमुळे एकूण प्रमाण फुगलेले दिसे. पाळण्यातील खरे चित्र केवळ बालकांच्या आकड्यांतूनच कळत होते. जेथे घर चालवणाऱ्या स्त्रिया जवळजवळ पुरुषांइतक्याच होत्या, तेथेच जन्मणाऱ्या मुली कमी होत होत्या.

गर्भलिंगनिदानाचे तंत्र १९८० नंतर महाराष्ट्रात पसरले. त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. राज्याचा हा अधिनियम १९८८ चा आहे. केंद्राचा अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला, दि. १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांचाही समावेश करण्यात आला. तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा कायदा व वास्तव यांतील अंतर किती आहे ते पुन्हा एकदा सर्वांसमोर आले.

या पार्श्वभूमीवर नकुशा या नावाचा अर्थ अधिक गंभीर होतो. ज्या मुलीला हे नाव मिळाले, ती जन्माला तरी आली. तिच्या घरच्यांनी तिला नकार दिला तो नावातून. ज्या घरांत तंत्रज्ञान व पैसा पोहोचला, तेथे तोच नकार जन्मापूर्वी दिला गेला आणि त्या मुलींना कोणतेही नाव मिळाले नाही. म्हणजे ‘नकुशा’ ही नावे आणि बाल लिंग गुणोत्तरातील घट या दोन भिन्न समस्या नसून एकाच मनोवृत्तीच्या दोन अवस्था आहेत. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालातही या दोहोंत भेद केलेला आहे. मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देण्याच्या प्रवृत्तीमुळे शून्य ते पंचवीस वयोगटात सुमारे २.१ कोटी मुली ‘नकोशा’ ठरल्या, असा अंदाज त्या अहवालाने शेवटच्या अपत्याच्या लिंग गुणोत्तरावरून मांडला. अर्थशास्त्राला ही संकल्पना मांडण्यास २०१८ साल उजाडावे लागले. सातारच्या बोलीत त्यासाठी शब्द आधीपासून होता आणि तो विशेषनाम म्हणून वापरला जात होता.

नाव आणि लोक

वेगळ्या नावाबाबत लोकांची प्रतिक्रिया ही त्या नावाचा अर्थ ऐकणाऱ्यास कितपत कळतो यावर अवलंबून असते. नकुशा या नावाचे तीन प्रकारचे श्रोते संभवतात. पहिला श्रोता म्हणजे गाव. गावात हे नाव सवयीचे होते. तेथे कोणी हसत नसे, पण प्रत्येक हाकेबरोबर या घरात मुलगा हवा होता ही गोष्ट पुन्हा सांगितली जाई. दुसरा श्रोता म्हणजे शाळा. हजेरी घेताना शिक्षकाने नाव उच्चारले की इतर गावांतून आलेली मुले त्याचा अर्थ विचारणार किंवा त्यावरून चिडवणार, हे ओघाने येते. मुलीला आपल्या नावाचा अर्थ पूर्णपणे समजतो तो बहुधा याच वयात. तिसरा श्रोता मराठी प्रदेशाबाहेरचा. त्याला हे नाव केवळ कर्णमधुर वाटू शकते. २००९ मध्ये ‘कलर्स’ या वाहिनीवर सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेच्या नायिकेचे नाव नकुशा होते. त्यामुळे हा शब्द देशभर पोहोचला.

या तिन्ही प्रतिक्रियांत मुलीची स्वतःची प्रतिक्रिया कोठेही विचारात घेतलेली दिसत नाही. नाव ठेवणाऱ्यांना त्यात क्रौर्य वाटत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. अनेक घरांत या मुलींना इतर भावंडांसारखेच वाढवले गेले असणार आणि नाव ही केवळ एक रीत म्हणून पाळली गेली असणार. लागोपाठ मुली झाल्याबद्दल ज्या आईला बोल लावला जाई, तिचा तर या निर्णयात क्वचितच वाटा असे. परंतु रीतीचा परिणाम रीत पाळणाऱ्यांच्या हेतूवर अवलंबून नसतो. दगडूला आपले नाव आपल्यासाठी ठेवले होते असे आयुष्यभर सांगता येते. नकुशाला तसे सांगण्याची सोय नसते.

दि. २२ ऑक्टोबर २०११ चे नामांतर

सातारा जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या कल्पनेतून नकुशा नावाच्या मुलींचा शोध घेण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा २८५ मुलींसाठी सातारा येथे समारंभ आयोजित करण्यात आला. ठेवणीतले कपडे घालून, केसांना फिती बांधून आलेल्या या मुलींना जिल्ह्यातील अधिकाऱ्यांच्या हस्ते नव्या नावाचे प्रमाणपत्र व पुष्पगुच्छ देण्यात आला. काहींनी देवतांची किंवा पौराणिक स्त्रियांची नावे घेतली, काहींनी चित्रपट अभिनेत्रींची, तर काहींनी वैशालीसारखी रुळलेली नावे पसंत केली.

या निवडीकडे थोडे बारकाईने पाहणे उचित ठरेल. या मुलींनी असाधारण किंवा लक्षवेधी नावे शोधली नाहीत. वर्गातील इतर मुलींची जशी नावे असतात तशीच त्यांना हवी होती. शहरी मध्यमवर्गात एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुलांसाठी आगळी, सहसा न ऐकलेली नावे शोधण्याची हौस वाढत होती आणि त्यासाठी नावांची पुस्तके विकत घेतली जात होती. वेगळे नाव ही तेथे प्रतिष्ठेची खूण होती. सातारच्या या मुलींना वेगळेपणाची किंमत ठाऊक असल्याने सामान्य नाव हीच त्यांच्या दृष्टीने मोठी प्राप्ती होती.

ऐतिहासिक दृष्ट्या या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. मराठी समाजात स्त्रीचे नाव बदलणे ही नवी गोष्ट नव्हती. परंतु तो अधिकार प्रथम वडिलांच्या व नंतर पतीच्या घराकडे होता. येथे कदाचित प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने मुलींचे नाव विवाहाच्या निमित्ताशिवाय आणि त्यांच्या स्वतःच्या पसंतीचा विचार करून बदलले गेले. दुसरे असे की, नाव ही खाजगी बाब मानून दूर राहणाऱ्या प्रशासनाने मुलीच्या नावातील अवमान ही सार्वजनिक आरोग्याशी व लिंग गुणोत्तराशी संबंधित बाब आहे हे मान्य केले.

मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. समारंभामुळे या मुलींची ओळख छायाचित्रांसह सर्वदूर गेली. ज्या नावापासून त्यांची सुटका करायची होती, त्याच नावाने त्या बातम्यांत ओळखल्या गेल्या. शिवाय आई-वडिलांनी ठेवलेल्या नावाची लाज प्रथमच इतक्या उघडपणे मुलींसमोर आली. उपक्रमाचा हेतू शुद्ध होता याबद्दल शंका नाही. मात्र पुढे असे कार्य करणाऱ्यांनी ते गाजावाजा न करता शाळेच्या पातळीवर करता येईल का, याचा विचार करणे इष्ट ठरेल.

कायदा, कागद आणि हाक

भारतात जन्माची नोंद १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये होते. या अधिनियमाच्या कलम १४ नुसार नावाशिवाय नोंदलेल्या जन्माच्या बाबतीत बालकाचे नाव नंतर नोंदवता येते. परंतु दिलेल्या नावाचा अर्थ बालकास अपायकारक आहे काय, हे तपासण्याची तरतूद त्यात नाही. इतर काही देशांत परिस्थिती वेगळी आहे. आइसलंडमध्ये १९९१ पासून नावांना मान्यता देणारी समिती आहे. न्यूझीलंडमधील एका न्यायालयाने विचित्र नाव मिळालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिचे नाव बदलता यावे म्हणून न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतल्याचे प्रकरण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम ७ मध्ये बालकाचा नावाचा हक्क मान्य केला आहे. मात्र नाव असण्याचा हक्क आणि सन्मानाचे नाव असण्याचा हक्क यांत अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जिज्ञा यादव विरुद्ध केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ या प्रकरणात दि. ३ जून २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग असून त्यावर तिचे नियंत्रण असणे हे घटनेच्या अनुच्छेद १९ व २१ मधील अधिकारांशी निगडित आहे, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रात सज्ञान व्यक्तीला शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देऊन नाव बदलता येते. मार्ग उपलब्ध आहे, पण तो कागदांतून जातो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, बँकेचे पासबुक या सर्वांवर नवे नाव यावे लागते. समारंभातील प्रमाणपत्र ही या प्रवासाची सुरुवात होय, शेवट नव्हे. एका कागदावर जुने आणि दुसऱ्यावर नवे नाव राहिले तर शिष्यवृत्ती, प्रवेश व नोकरी या प्रत्येक वेळी मुलीला दोन्ही नावांचा खुलासा करावा लागतो, म्हणजेच पहिल्या नावाचा अर्थ पुन्हा सांगावा लागतो. त्याखेरीज गावातील हाक कोणत्याही राजपत्राने बदलत नाही. ती बदलण्यासाठी शेजारी, नातेवाईक व शिक्षक यांचा सहभाग लागतो.

शासकीय धोरण या काळात बदलत गेले. दि. २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत सांगली व कोल्हापूर यांचा समावेश होता. राज्यात २०१६ मध्ये ‘माझी कन्या भाग्यश्री’ आणि २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजना आली. दि. १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. मुली झाल्याबद्दल जिला दोष दिला जाई, त्या आईचे नाव आता बालकाच्या नावाला जोडले गेले, ही या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय घटना आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. मराठीतील ओंगळ नावांचे संरक्षक व नकारार्थी असे दोन प्रकार करणे आवश्यक आहे. नकुशा हे नाव दुसऱ्या प्रकारात मोडते. केवळ अंधश्रद्धा म्हणून दोहोंना एकत्र गणल्यास त्यातील स्त्री-पुरुष भेद झाकला जातो.

२. या नावाचा प्रसार आणि बाल लिंग गुणोत्तरातील घट या एकाच पुत्रलालसेच्या दोन अवस्था आहेत. त्यामुळे अशी नावे ठेवणे थांबले, एवढ्यावरून मुलींचा स्वीकार वाढला असे मानता येणार नाही. नाव नाहीसे होण्याचे कारण मुलगी हवीशी होणे हे असू शकते, तसेच ती जन्मासच न येणे हेही असू शकते.

३. शिक्षण व आर्थिक प्रगती यांमुळे हा भेद आपोआप दूर होत नाही, हे सातारा, सांगली व कोल्हापूर या प्रगत जिल्ह्यांच्या आकड्यांवरून स्पष्ट होते.

४. २०११ चे नामांतर हे मुलीच्या नावावरील तिचा स्वतःचा अधिकार मान्य करणारे महत्त्वाचे पाऊल होते. मात्र कागदपत्रे व लोकव्यवहार यांत ते पूर्णत्वास नेण्याची जबाबदारी समारंभाने संपत नाही.

समारोप

२०११ मध्ये ज्या मुली शाळेत होत्या, त्यांतील बऱ्याच जणी त्यानंतरच्या वर्षांत महाविद्यालयाच्या वयाला पोहोचल्या. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या खेड्यांतून शहरातील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थिनींच्या कागदपत्रांत एखादे जुने नाव अद्याप शिल्लक असू शकते. प्रवेश देणारा लिपिक, हजेरी घेणारा प्राध्यापक आणि परीक्षा अर्ज तपासणारा कर्मचारी यांना ते नाव दिसते. त्या वेळी नावाचा अर्थ न विचारता तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे विचारणे, नाव बदलण्याची कार्यपद्धती एकांतात समजावून सांगणे आणि लागणारे दाखले वेळेवर देणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयास स्वतंत्र निधीशिवाय करता येण्यासारखे आहे. सावित्रीबाईंच्या जन्मभूमीत एका मुलीला आपल्या आवडीचे नाव वर्गात निःसंकोचपणे सांगता येणे, ही गोष्ट लहान असली तरी शिक्षणाच्या मूळ हेतूशी ती निगडित आहे.